दुपारची ती कळ परत पाठवू नका

‘माझं वय ४३. सात-आठ वर्षं झाली, पोट कधी नीट साफ होत नाही. तीन-तीन दिवस होत नाही आणि होतं तेव्हा खडे पडतात. सकाळी मोबाइल घेऊन पाऊण तास बसते, घाम फुटेपर्यंत कुंथते, तरी आत उरलंय असंच वाटत राहतं. दुपारी ऑफिसात जेवण झाल्यावर कधी कधी लागल्यासारखं होतं, पण तिथे जायला फार संकोच वाटतो. घरी येईपर्यंत ती भावना निघून गेलेली असते. दर रविवारी जुलाबाची गोळी घेते. त्या दिवशी सगळं मोकळं होतं आणि मग बुधवारपर्यंत काही नाही. दिवसाला चार लिटर पाणी पिते. गव्हाचा कोंडा खाऊन बघितला, पोट नगाऱ्यासारखं फुगलं म्हणून सोडला. गेल्या वर्षी हिमोग्लोबिन कमी निघालं, तेव्हापासून आयर्नच्या गोळ्या चालू आहेत. मध्येच कधी थोडं लाल दिसतं, मूळव्याध असेल म्हणून सोडून देते. घरातली मोठी माणसं म्हणतात, रोज पोट साफ झालं नाही तर अंगात विष भिनतं. ते ऐकलं की रात्री झोप लागत नाही. गोळीची सवय लागून आतडं निकामी होईल का? यातून कॅन्सर होईल का? समोरासमोर कुणाला सांगायची लाज वाटते, म्हणून लिहिते आहे. – अवघडलेली’

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. लाज वाटते म्हणता, पण किती दिवसांनी होतं, कसं होतं, किती वेळ बसावं लागतं, नंतर काय वाटतं, हे सगळं तुम्ही स्पष्ट लिहिलंत. माझ्यासमोर बसलेला पेशंट पुष्कळदा ‘पोटाचं जरा…’ एवढंच म्हणतो आणि खाली बघतो. बाकीचं एकेक करून विचारावं लागतं. तो अवघड भाग तुम्ही केव्हाच पार केलात. हेच पत्र पुन्हा एका कागदावर उतरवा आणि तुमच्या डॉक्टरांच्या हातात द्या. तोंडाने फारसं सांगावं लागणार नाही.

आणि ते द्यायलाच हवं. तुमच्या पत्रातली दोन वाक्यं तुम्ही ओघात लिहून गेलात, ती मला शेजारी शेजारी ठेवायची आहेत. हिमोग्लोबिन कमी निघालं. मध्येच लाल दिसतं. शौचाच्या वेळी दिसणारं लालभडक रक्त बहुतेकदा मूळव्याधीचं असतं, किंवा कडक मलाने गुदद्वाराशी पडलेल्या चिरेचं, म्हणजे फिशरचं. पाळीत जास्त रक्त जाणं हे तुमच्या वयात हिमोग्लोबिन कमी होण्याचं नेहमीचं कारण. तेव्हा दोन्हींमागे काही साधंच निघण्याची शक्यता जास्त आहे. पण आतड्यात कुठे रक्तस्राव होत नाही ना, याची खात्री न करता वर्षभर आयर्न घेत राहणं मला मान्य नाही. गुदद्वाराची तपासणी एक-दोन मिनिटांत होते. सोबत रक्ताच्या साध्या तपासण्या होतील: हिमोग्लोबिन, फेरिटिन (म्हणजे शरीरातला लोहाचा साठा), थायरॉइड, साखर, कॅल्शियम. दुर्बिणीने मोठं आतडं बघायचं का, म्हणजे कोलोनोस्कोपी करायची का, हे डॉक्टर त्यावरून ठरवतील. करू या म्हणाले तर टाळू नका. ही भेट या पंधरवड्यातच घ्या. खाली जे सांगते आहे ते या भेटीच्या जोडीने करायचं आहे, त्यामुळे भेट पुढे ढकलायची नाही.

आता मूळ दुखण्याकडे येते. तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य मला ते दुपारचं वाटलं. जेवणानंतर लागल्यासारखं होतं, तुम्ही जात नाही, घरी येईपर्यंत भावना निघून जाते. तुमचा समज आहे की आतड्याने काम करायचं सोडलंय. तसं असतं तर दुपारी काही जाणवलंच नसतं. ते तुम्हाला अजून हाक मारतंय.

जेवण जठरात पडलं की मोठ्या आतड्याला इशारा जातो आणि ते हालचाल करू लागतं. याला गॅस्ट्रोकोलिक रिफ्लेक्स म्हणतात. मोठं आतडं साधारण दीड मीटर लांब असतं. दिवसाचा बहुतेक वेळ ते आतला ऐवज फक्त घोळवत असतं आणि त्यातलं पाणी शोषून घेत असतं. सगळं पुढे ढकलणाऱ्या मोठ्या लाटा दिवसातून मोजक्याच येतात, आणि त्या मुख्यतः सकाळी उठल्यावर आणि जेवणानंतर येतात. अशी लाट मल गुदाशयात, म्हणजे मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात, आणून सोडते. गुदाशयाची भिंत ताणली जाते, गुदद्वाराचा आतला स्नायू आपोआप सैल पडतो आणि आपल्याला कळ जाणवते. बाहेरचा स्नायू मात्र आपल्या ताब्यात असतो. तो आवळून धरला की थोड्या वेळाने गुदाशय सैलावतो, ताण जाणवेनासा होतो, मल काही अंशी मागेही सरकतो. तुम्हाला वाटतं, कळ गेली. पण मल तिथेच असतो आणि आतडं त्यातलं पाणी ओढून घेत असतं. लहान आतड्यातून मोठ्या आतड्यात दिवसाला साधारण दीड लिटर द्रव येतो आणि मलावाटे त्यातले शंभर-दीडशे मिलिलिटरच बाहेर पडतात. एवढं शोषून घेण्याची ताकद असलेल्या ठिकाणी मल आणखी १५-२० तास थांबला तर त्याचे खडे होणारच. तुमचे सकाळचे खडे हे आदल्या दुपारी परत पाठवलेल्या कळीचे आहेत.

हे नुसतं तर्काने सांगत नाही. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी पुरुषांनी ठरवून काही दिवस कळ दाबून धरली. त्यांचं शौचाला जाणं कमी झालंच, शिवाय मोठ्या आतड्यातून मल पुढे सरकण्याचा वेगही मंदावला. ज्यांना काही त्रास नव्हता त्यांची ही गत, तर सात-आठ वर्षांच्या सवयीने काय होत असेल!

मी शिकाऊ डॉक्टर असताना लांबलचक ड्युटी असायच्या. वॉर्ड सोडून जायला संकोच वाटायचा, म्हणून कळ आली की मी दाबायची. वर्षभरात मला फिशर झालं. शौचाला जाताना काचेचा तुकडा बाहेर पडतोय असं वाटायचं आणि त्या भीतीने मी आणखीच टाळायची. टाळलं की मल जास्त कडक, कडक मलाने चीर पुन्हा उघडायची, मग जास्त भीती. वॉर्डातल्या एका वयस्क सिस्टरच्या ते ध्यानात आलं. त्या म्हणाल्या, “पेशंटचं सलाइन संपलं तर धावत जाता ना? स्वतःला लागलं तरी तसंच धावत जायचं.” आज मी पेशंटना जे सांगते त्याची सुरुवात त्या वाक्यापासून होते.

म्हणून पहिलं काम हे: दुपारी कळ आली की दोन-तीन मिनिटांत उठायचं. हातातलं पान संपवून नाही, फोन संपवून नाही. ऑफिसातला संकोच मला समजतो, तो ‘काही होत नाही हो’ म्हणून जाणारा नाही. त्याची व्यवस्थाच करायला हवी. दुसऱ्या मजल्यावरचं, कमी वर्दळीचं स्वच्छतागृह शोधून ठेवा. पर्समध्ये टिशू आणि साबणाची छोटी बाटली असू द्या. आवाजाचा संकोच वाटत असेल तर आधी नळ सोडा. जेवणाची सुट्टी संपता संपता गर्दी असते, म्हणून शक्य असेल तर दहा मिनिटं आधी जेवा. पहिले चार-पाच दिवस जड जाईल. एक जवळची मैत्रीण असेल तर तिला सांगून ठेवा. तिचीही हीच तक्रार निघाली तर मला मुळीच नवल वाटणार नाही.

आता रविवारची गोळी. इथे तुमचा एक गैरसमज आहे आणि सगळी भीती त्याच्यावरच उभी आहे. जुलाबाच्या गोळीने रविवारी जवळजवळ सगळं मोठं आतडं रिकामं होतं. ते पुन्हा भरून, गुदाशय ताणला जाईल एवढा मल जमायला दोन-तीन दिवस लागतात. म्हणजे सोमवारी, मंगळवारी काही न होणं हा आजार नाही. बाहेर पडायला आत काही नसतंच. पण तुम्ही सोमवारी सकाळी पाऊण तास बसून कुंथता, होत नाही म्हणून घाबरता, बुधवारी थोडे खडे पडतात, शनिवारपर्यंत पोट जड होतं आणि रविवारी पुन्हा गोळी. आतडं निकामी झाल्याचा जो पुरावा तुम्हाला दर आठवड्याला दिसतो, तो या गोळीनेच तयार केलेला आहे.

सवयीबद्दल विचारलंत. बिसाकोडिल किंवा सोनामुखीसारखी, आतड्याला चालना देणारी औषधं सांगितलेल्या प्रमाणात घेतली तर आतड्याच्या नसा कायमच्या खराब होतात, ही जुनी भीती आहे. तिला भक्कम आधार मिळालेला नाही. सोनामुखी बरेच दिवस घेणाऱ्यांच्या आतड्याच्या अस्तरावर काळपट डाग दिसतात, ते निरुपद्रवी असतात आणि औषध थांबवल्यावर हळूहळू जातात. तेव्हा झालं गेलं त्याने तुमचं आतडं मेलेलं नाही. फक्त ‘आठवडाभर काही नाही आणि एक दिवस पूर’ हा प्रकार थांबवायचा आहे. त्याजागी काही आठवडे रोज, सौम्य औषध घेणं जास्त बरं. पॉलिएथिलीन ग्लायकॉलची पावडर पाण्यात विरघळवून घेतात. ती मलातलं पाणी धरून ठेवते, त्यामुळे मल मऊ राहतो. तिचा परिणाम दिसायला एक ते तीन दिवस लागतात, म्हणून पहिल्या दिवशी काही झालं नाही तरी धीर सोडू नका. लॅक्ट्युलोजचं सिरपही असंच काम करतं, पण त्याने गॅस जास्त होतो, आणि तुमचं पोट आधीच फुगतं. कोणतं औषध, किती आणि कधीपर्यंत, हे त्या भेटीत ठरवून घ्या. औषध घ्यावं लागतंय यात कमीपणा नाही. मल मऊ झाल्याशिवाय सवय बदलायला सांगणं हा दुखावलेल्या जागेवरचा अन्याय आहे.

सकाळच्या पाऊण तासाचं काय? तो बंद करा. उठा, पाणी किंवा चहा-कॉफी जे घेता ते घ्या, थोडं खा आणि त्यानंतर १५ ते ३० मिनिटांनी जाऊन बसा. कॉफीने काही जणांचं आतडं लवकर जागं होतं. तुमचं होत असेल तर त्याचा फायदा घ्या. मोबाइल बाहेर ठेवून जायचं, कारण तो हातात असला की वेळ कळत नाही, आणि इतका वेळ बसल्याने गुदद्वाराच्या नसांवर ताण येऊन मूळव्याध वाढते. पाच मिनिटं, फार तर दहा. झालं तर झालं, नाही तर उठायचं. ‘आज नाही झालं’ असं मनात म्हणून दिवसाला लागा. दुपारी जेवणानंतर दुसरी संधी आहेच, आणि तुमच्या बाबतीत तीच जास्त खरी आहे.

बसण्याची पद्धत बदलल्याने काय फरक पडणार, असं पुष्कळांना वाटतं. पडतो, आणि त्याचं कारण शरीराच्या रचनेत आहे. गुदाशयाच्या खालच्या टोकाभोवती एक स्नायू गोफणीसारखा अडकलेला असतो आणि तो नळीला पुढे ओढून तिथे बाक आणतो. आपण उभे असताना किंवा खुर्चीवर बसतो तसे बसलेले असताना हा बाक साधारण काटकोनाएवढा असतो. त्यामुळेच मल धरून ठेवता येतो. उकिडवं बसलं की हा स्नायू सैलावतो, बाक उघडतो आणि वाट बरीच सरळ होते. तुमच्याकडे कमोड असेल तर पायांखाली वीसेक सेंटीमीटर उंचीचा स्टूल ठेवा, गुडघे कमरेपेक्षा वर येऊ द्या, थोडं पुढे वाका आणि कोपरं मांड्यांवर टेकवा. मग श्वास रोखून जोर लावू नका. तुम्ही घाम फुटेपर्यंत कुंथता तेव्हा नकळत खालचं दारही आवळलं जातं, म्हणजे एका हाताने ढकलायचं आणि दुसऱ्या हाताने कडी लावायची. त्याऐवजी तोंड किंचित उघडं ठेवा, पोट पुढे फुगवा, लांब श्वास सोडत हलकेच खाली जोर द्या आणि खालचा भाग सोडून दिल्यासारखा सैल करा. पहिल्या दिवशी जमत नाही. आठवड्याभरात अंदाज येतो.

खाण्याचं सांगते. मोठ्या माणसाला दिवसाला २५ ते ३० ग्रॅम तंतू, म्हणजे फायबर लागतं. तुम्ही कोंडा खाल्लात, पोट फुगलं, आणि निष्कर्ष काढलात की फायबर आपल्याला सोसत नाही. माझ्या मते तुमचं दोन ठिकाणी चुकलं: प्रमाण एकदम वाढवलंत आणि प्रकार चुकीचा निवडलात. जाडाभरडा कोंडा पुष्कळांना वायू देतो. त्याच्या जागी पाण्यात फुगून बुळबुळीत होणारं फायबर जास्त मानवतं, आणि त्यात इसबगोल सगळ्यात उपयोगी. एक चमचा मोठ्या पेलाभर पाण्यात ढवळून लगेच प्यायचं, वर आणखी थोडं पाणी. ते घेऊन लगेच आडवं व्हायचं नाही. आठवडाभर एकच चमचा, पोट बरं असेल तर दोन. दिवसाला दहा ग्रॅमच्या आसपास पोचलं आणि निदान चार आठवडे नेमाने घेतलं तर खरा फरक दिसतो. दोन दिवस घेऊन ‘काही झालं नाही’ म्हणून डबा कपाटात ठेवणारे खूप असतात. गिळताना अडकत असेल किंवा पोटात आतडं अडल्याची शंका असेल तर मात्र हे घ्यायचं नाही. आयर्नची आणि थायरॉइडची गोळी इसबगोलापासून निदान दोन तास लांब ठेवा.

ताटात भाज्या, सालीसकट फळं, कडधान्यं, न चाळलेल्या पिठाचं काहीतरी असू द्या, पण तेही दर आठवड्याला एकेक वाढवत. फळांमध्ये दोन गोष्टींवर चांगले अभ्यास झालेत. रोज दोन हिरवी किवी, किंवा सुकवलेले आलुबुखार, दिवसाला शंभर ग्रॅमपर्यंत, दोन वेळा विभागून. आलुबुखारात सॉर्बिटॉल नावाची साखर असते, ती पचत नाही आणि आतड्यात पाणी ओढून घेते. पोट फुगणाऱ्याने त्याची सुरुवात तीन-चार नगांनीच करावी.

चार लिटर पाण्याची गरज नाही. शरीरात पाणी पुरेसं असेल तर जास्तीचं लघवीवाटे निघून जातं, मलात उतरत नाही. लघवी फिकट पिवळी राहील एवढं प्या. इसबगोल घेताना मात्र कंजुषी नको. चालणं रोज अर्धा तास जमलं तर छान. दिवसभर खुर्चीत बसून काम करणाऱ्याचं आतडंही सुस्तावतं.

आयर्नच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांशी मुद्दाम बोला, कारण त्या स्वतःच मल घट्ट करतात. तुमचा त्रास त्यांच्याही आधीचा आहे, पण गेल्या वर्षभरात तो वाढला असेल तर हे एक कारण असू शकतं. रोज घेण्याऐवजी एक दिवसाआड घेतलेलं आयर्न शरीर चांगलं शोषतं असं अलीकडच्या अभ्यासांत दिसलंय. तुम्हाला ते चालेल का ते विचारा. स्वतःहून मात्र बंद करू नका. आयर्नने मल काळपट हिरवा होतो, त्याला घाबरायचं कारण नाही. डांबरासारखा काळा, चिकट, फार दुर्गंधी येणारा मल वेगळा. तो वरच्या आतड्यातल्या रक्तस्रावाचा असू शकतो आणि त्या दिवशीच दवाखान्यात जायचं. आणखी कुठल्या गोळ्या चालू असतील तर त्याही दाखवा. कॅल्शियम, ॲसिडिटीची ॲल्युमिनिअम असलेली औषधं, कोडीनसारखी वेदनाशामकं, सर्दीच्या काही जुन्या गोळ्या, व्हेरापामिलसारखी ब्लडप्रेशरची औषधं, नैराश्यावरच्या काही गोळ्या, या सगळ्यांनी पोट घट्ट होतं आणि ते सांगायचं पुष्कळदा राहून जातं.

आता त्या विषाचं. तुमची झोप त्याने उडाली आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. ही कल्पना फार जुनी आहे आणि एके काळी मोठमोठ्या डॉक्टरांचाही तिच्यावर विश्वास होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनचे नामवंत शल्यचिकित्सक सर विल्यम आर्बथनॉट लेन बद्धकोष्ठतेच्या रुग्णांचं मोठं आतडं शस्त्रक्रियेने काढून टाकत, कारण त्यातून शरीरात विष पसरतं असं त्यांना वाटे. १९१९ मध्ये वॉल्टर अल्वारेझ या अमेरिकन डॉक्टरांनी साधा प्रश्न विचारला. पोट साफ होताच डोकं हलकं होतं, मरगळ जाते, तीही काही मिनिटांत. रक्तात विष असतं तर ते एवढ्या झटकन कसं उतरलं असतं? ताणलेल्या गुदाशयाकडून मज्जातंतूंमार्फत जाणारे संदेश ही अस्वस्थता देतात, असं त्यांनी मांडलं. म्हणजे तुम्हाला जड वाटतं, चिडचिड होते, भूक लागत नाही, हे खरं आहे. पण ते विषामुळे नाही. नुसत्या बद्धकोष्ठतेमुळे आतड्याचा कॅन्सर होतो, असंही लोकांचा बराच काळ पाठपुरावा करणाऱ्या अभ्यासांत दिसलेलं नाही. तुमची तपासणी मी सांगते आहे ती रक्त आणि हिमोग्लोबिन यांसाठी. तीन दिवस झालं नाही, यासाठी नाही.

घरातल्या मोठ्यांना एवढं सांगा की ‘रोज एकदा’ हा नियम शरीराने केलेला नाही. दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, यात जे काही बसतं आणि त्रास न होता होतं, ते सगळं ठीक. किती वेळा होतं यापेक्षा डॉक्टर मलाच्या रूपाकडे जास्त बघतात. १९९७ मध्ये ब्रिस्टलच्या डॉक्टरांनी मलाच्या सात प्रकारांचा तक्ता प्रसिद्ध केला. पहिला प्रकार सुटे कडक खडे, दुसरा खडे चिकटून झालेला उंचसखल गोळा, तिसरा भेगा असलेला, चौथा गुळगुळीत, मऊ, सलग. पुढचे तीन पातळ होत जाणारे. तुम्ही पहिल्या-दुसऱ्यात आहात. तिसऱ्या-चौथ्यात यायचं आहे, मग ते दिवसाआड झालं तरी मला आनंदच आहे.

मल मऊ झाला, कळ आली की तुम्ही जाता, स्टूल ठेवला, आणि आठ आठवडे झाले तरी आत उरल्यासारखंच वाटतंय, बोटाने दाबून मदत करावी लागतेय, असं झालं तर अडचण बहुधा दाराशी आहे. काही लोकांचे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू जोर लावताना सैल होण्याऐवजी आवळतात. वर्षानुवर्षं कळ दाबणाऱ्यांत आणि फार कुंथणाऱ्यांत याची शंका घ्यावीच लागते. गुदद्वाराचा दाब मोजून आणि पाण्याने भरलेला छोटा फुगा बाहेर टाकता येतो का ते बघून हे कळतं. त्यावर फायबर वाढवून उपयोग होत नाही. बायोफीडबॅक नावाचं प्रशिक्षण असतं, त्यात पडद्यावर स्वतःच्या स्नायूंची हालचाल बघत त्यांना सैल सोडायला शिकवतात, आणि त्याने पुष्कळ जण बरे होतात. पोटविकारतज्ज्ञांकडे या तपासणीचं नाव घेऊन विचारा. कधी पोटात जोरात दुखून उलट्या सुरू झाल्या, पोट फुगलं आणि वारासुद्धा सरेना, तर कुठलीही जुलाबाची गोळी न घेता तडक हॉस्पिटल गाठा. वजन आपोआप उतरत असेल, किंवा घरात जवळच्या कुणाला आतड्याचा कॅन्सर झालेला असेल, तर तेही पहिल्याच भेटीत सांगा. पत्रात त्याचा उल्लेख नव्हता.

एक छोटी वही करा. तारीख, कळ कधी आली, गेलात की नाही, मलाचा प्रकार कितवा, लाल दिसलं का. एवढंच, एका ओळीत. पहिल्या दोन आठवड्यांत फारसं काही हलणार नाही आणि रविवार आला की हात गोळीकडे जाईल. त्या दिवशी वही उघडून बघा की त्या आठवड्यात दुपारी किती वेळा उठून गेलात. आठ आठवड्यांनी मला पुन्हा लिहा, आणि डॉक्टरांनी तपासून काय सांगितलं तेही लिहा. मी वाट बघते आहे.